आईंचा हात भिंतीवर जिथे टेकतो, तिथून सुरुवात करा

प्रश्न : आमचं डोंबिवलीत १९९४ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. वर आणखी एक मजला आणि मग गच्ची. बाथरूम साडेसहा फूट बाय चार फूट, शेजारी वेगळा संडास चार बाय तीन फुटांचा, त्यात जुनं भारतीय भांडं. बेसिन पॅसेजमध्ये. घरात पाच माणसं : आम्ही दोघं, दोन मुलं आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. मोठ्या मुलाने फोनवर डिझाइन्स काढून ठेवली आहेत : काळ्या मॅट टाइल्स, मोठा रेन शॉवर, काचेचं पार्टिशन, भिंतीवर अधांतरी बसणारा कमोड. मधली भिंत पाडून एकच मोठं बाथरूम करू, असं त्याचं म्हणणं. मिस्टरांना भारतीय भांडंच हवं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्या भांड्यावर प्लास्टिकची कमोड-खुर्ची ठेवून वापरतात. खालच्या काकूंच्या छताला ओल आली आहे. कंत्राटदार म्हणतो, जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू, दहा दिवसांत काम संपवू, गणपतीच्या आत. त्याचं २ लाख ६० हजारांचं कोटेशन सोबत पाठवते आहे. छान, आजच्या पद्धतीचं बाथरूम मलाही हवंय. पण कुठून सुरुवात करू? – स. कु., डोंबिवली

नमस्कार ताई,

पत्र वाचलं आणि कोटेशनचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. काचेचं पार्टिशन, शॉवर आणि लटकता कमोड या तीन ओळींचीच बेरीज १ लाख १५ हजार होते. वॉटरप्रूफिंगच्या ओळीपुढे रक्कम नाही, फक्त 'आवश्यकतेनुसार' असं लिहिलंय. आणि आधाराची दांडी, जी तुमच्या घरात सगळ्यात आधी लागणार आहे, ती पूर्ण कागदावर कुठेच नाही.

म्हणून पहिलं उत्तर हेच : गणपतीच्या आत हे काम करू नका. खाली गळती असताना जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. वरून चकचकीत दिसेल, पण पाणी झिरपतंय ते टाइलच्या खालून. त्याची वाट तशीच राहील, आणि वर्षभरात काकूंच्या छताचे पोपडे पुन्हा पडायला लागले की तुम्हाला नवंकोरं बाथरूम फोडावं लागेल. शिवाय नव्या थराने फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते. उंबऱ्याची उंची तेवढीच कमी होते, आणि पाणी पॅसेजमध्ये यायला लागतं.

तुमच्या इमारतीच्या काळातल्या बांधकामात बाथरूम-संडासाचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. तो खड्डा विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट घालून भरतात. मिस्त्री त्याला कोबा म्हणतात. तीस वर्षांत टाइलच्या दर्जांमधून, म्हणजे दोन टाइलमधल्या सांध्यांमधून, आणि पाइपांच्या सांध्यांमधून थेंब थेंब पाणी त्या विटांत मुरलेलं असतं. मी अशा खड्ड्यातून विटांचे तुकडे काढताना पाहिले आहेत. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी काढलेला तुकडा हातात घेतला तर बोटं ओली होतात, आणि नाकाला कोंदट वास येतो. वरची फरशी मात्र पूर्ण कोरडी असते. तुमच्या पायाखाली हे असेल, तर त्यावर कितीही महाग टाइल लावली तरी उपयोग नाही.

त्यामुळे खर्चाचा क्रम उलटा करा. आधी टाइलच्या खालचं, मग हाताने धरायचं, आणि शेवटी डोळ्यांना दिसायचं.

खालचं काम कसं करून घ्यायचं ते सविस्तर सांगते, कारण तुमचे पैसे खरे तिथेच वाचणार किंवा बुडणार आहेत. कोबा पूर्ण काढून स्लॅब उघडा करायचा. कुठे सळई गंजून सिमेंट फुगलं असेल तर सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवायचं, त्यावर मिस्त्रीला परस्पर सिमेंट थापू द्यायचं नाही. पाइप स्लॅबमधून जिथे आरपार जातात, तिथल्या फटी न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) भरून घ्यायच्या. गळती बहुतेक वेळा तिथूनच असते, स्लॅबच्या मधोमध नाही. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करायची, मिस्त्री त्याला वाटा म्हणतात. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. जमिनीपासून फूटभर भिंतीवर चढवून, आणि अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत.

हे सुकल्यावर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून निघून जातं त्याचं, तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा. या दोन दिवसांत काकूंकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन त्यांच्या छताला हात लावून बघा. काकूंनी 'कोरडं आहे' म्हटलं की मगच पुढचा कोबा. कोबा झाल्यावर पुन्हा एकदा पाणी भरून तपासा. कंत्राटदार म्हणेल, 'ताई, एवढं कोणी करत नाही.' तुम्ही करा. आणि कोटेशनमध्ये 'आवश्यकतेनुसार' खोडून हे सगळं टप्प्याटप्प्याने, प्रत्येकापुढे रक्कम घालून, लिहून घ्या. पाण्याची चाचणी पास झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, हेही त्यातच.

पावसाळ्यात हे काम काढू नका म्हणते ते याच कारणासाठी. हवेत ओल असताना कोबा आणि लेप सुकायला फार वेळ घेतात आणि घाई झाली की मिस्त्री ओल्यावरच टाइल लावतो. दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. दहा दिवस नाही, साधारण तीन आठवडे धरा. घरात संडास एकच आहे, तेव्हा बाथरूम आणि संडास एकदम फोडू देऊ नका. आधी बाथरूम पूर्ण करा, तोपर्यंत अंघोळी शेजारी किंवा मोरीत होतील. मग संडास घ्या, आणि त्या आठ-दहा दिवसांपुरतं आईंना, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, नणंदेकडे किंवा दिरांकडे पाठवा. त्या दिवसांत त्यांची जी ओढाताण होईल ती कुठल्याही टाइलने भरून निघणार नाही.

नळाच्या लाइनबद्दल एक. १९९४ चे पाइप म्हणजे बहुधा जस्त चढवलेले लोखंडी (जीआय) असतील, आतून गंजून अरुंद झालेले. फरशी फोडलीच आहे तर ते काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, टाका आणि भिंत बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन तपासून घ्या. त्यानंतर प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी उघडून धरा आणि फोटो काढा. पाच वर्षांनी कोणी आरशासाठी भोक पाडायला येईल, तेव्हा पाइप जमिनीपासून नेमका किती इंचांवर आहे हे त्या फोटोतच सापडेल.

आता आईंकडे येते. मी घरांची कामं २० वर्षांहून जास्त काळ करते आहे, पण त्यातली सगळ्यात मोठी शिकवण माझ्या आई-वडिलांच्या घरात मिळाली. त्यांचं बाथरूम मीच केलं होतं. नाजूक स्टीलची टॉवेलची दांडी लावली होती, दोन छोटे स्क्रू आणि प्लास्टिकचे प्लग. बाबा स्टुलावर बसून अंघोळ करायचे आणि उठताना रोज तीच दांडी धरायचे. मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. एका सकाळी दांडी प्लगसकट भिंतीतून निघाली आणि बाबांचं मनगट मोडलं. नंतर मी तिथे उभी राहून पाहिलं, तर दांडीच्या मधला भाग हाताने घासून इतका लखलखीत झाला होता, आणि दोन्ही टोकं पाण्याच्या डागांनी पांढरी. टॉवेल टोकांवर वाळायचे, बाबा मध्ये धरायचे. एवढं सगळं त्या दांडीवर दिसत होतं आणि मी ते वाचलं नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही घरात आधी हातांच्या खुणा बघते. तुम्हीही बघा. संडासाच्या दाराच्या चौकटीवर कुठे रंग काळवंडलाय? भिंतीवर कोणत्या उंचीला तेलकट पंजा उमटलाय? आई आत जाताना कोणता हात टेकतात, उठताना कोणता? तीच तुमच्या आधाराच्या दांड्यांची जागा. पुस्तकांत मापं असतात, ती साधारण मापं म्हणून ठीक आहेत. पण आईंना खुर्चीत बसवा, उठताना त्यांचा हात आपोआप जिथे जातो तिथे खडूने रेघ मारा. ते माप त्यांचं.

दांडी साधारण दीड इंच जाडीची हवी, मूठ पूर्ण बंद होईल अशी. भिंत आणि दांडीत बोटं जातील एवढीच फट, जास्त नको, नाहीतर तोल गेल्यावर हात कोपरापर्यंत आत अडकतो. आणि ती नुसत्या टाइलला नाही, भिंतीला पकडलेली हवी. चार इंची विटेच्या भिंतीत साधा प्लग टिकत नाही. आरपार बोल्ट आणि पलीकडच्या बाजूला पट्टी, हा खात्रीचा उपाय.

आणि म्हणूनच मधली भिंत पाडू नका. तुमच्या मुलाला तीन फुटी संडास कोंदट वाटतो, ते मला समजतं. पण आईंसाठी तो अरुंदपणा फार मोलाचा आहे. तीन फुटांच्या खोलीत कमोडवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात दोन्ही भिंतींपर्यंत सहज पोचतात. दोन्हीकडे दांड्या लावल्या की त्या दोन्ही हातांनी स्वतःला उचलू शकतील, कोणाला हाक न मारता. मोठ्या बाथरूममध्ये ही सोय मुद्दाम खर्च करून तयार करावी लागते. आणि त्याच मधल्या भिंतीत आरपार बोल्ट टाकले की संडासातली दांडी आणि बाथरूममधली दांडी एकमेकींना पाठीला पाठ लावून घट्ट बसतात. शिवाय पाच माणसांच्या घरात सकाळी सात वाजता एक जण अंघोळीला आणि एक संडासला जाऊ शकतो, ही सोय एकत्र केल्यावर गेलीच. घरात दुसरा संडास असता तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

भिंत ठेवा, पण दारं बदला. दोन्ही दारं बाहेर उघडणारी करा. आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर बाहेरून दार ढकलताच येत नाही, आणि तो क्षण फार वाईट असतो. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्याने फिरवता येईल. चौकट काढतच असाल तर दार जेवढं रुंद करता येईल तेवढं करा. आज आई चालत जातात, उद्या वॉकर आला तर जुन्या दोन-सव्वादोन फुटी दारातून तो तिरका करून न्यावा लागतो.

कमोड. अधांतरी कमोड वाईट नसतो. त्याच्याखालून फरशी पुसता येते आणि उंचीही हवी तशी ठेवता येते. पण त्याची लोखंडी चौकट आणि टाकी भिंतीत लपवायला जागा आणि भक्कम आधार लागतो, आणि पुढे टाकी गळायला लागली तर ती टाइलच्या मागे असते. तुमच्या चार बाय तीनच्या संडासात मी जमिनीवर बसणारा, जरा उंच कमोड घेईन. सीटसकट १७ ते १९ इंच उंचीचे मिळतात. नेहमीचे त्यापेक्षा एक-दोन इंच बुटके असतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेवढ्यानेही खूप फरक पडतो. पण आईंचे पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. लोंबकळत्या पायांनी तोल जातो. खरेदीला जाताना त्यांना सोबत न्या आणि दुकानात बसवून बघा. दुकानदाराला यात नवीन काही नाही. आणि जाण्याआधी जुन्या सांडपाण्याच्या पाइपचा मध्य मागच्या भिंतीपासून किती इंचांवर येणार ते प्लंबरकडून लिहून घ्या. जमिनीत जाणाऱ्या आउटलेटचे कमोड चार, नऊ आणि बारा इंची अंतराचे मिळतात. चुकीचा आणला तर मधे वेडेवाकडे जोड येतात आणि पुढे तिथेच तुंबतं. फ्लश दोन बटणांचा घ्या, ३ आणि ६ लिटरचा.

तुमच्या मिस्टरांना सांगा की त्यांची अडचण मला मनापासून पटते. आयुष्यभर उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाचं पोट कमोडवर लगेच जुळवून घेत नाही. त्यांच्यासाठी सात ते नऊ इंच उंचीचं पाय ठेवायचं स्टूल मिळतं. कमोडवर बसून पाय त्यावर ठेवले की गुडघे कमरेच्या वर येतात आणि बैठक बरीचशी जुन्यासारखी होते. फक्त वापर झाला की स्टूल कमोडखाली सरकवायची सवय घरात सगळ्यांना हवी. अर्ध्या रात्री आईंच्या वाटेत ते नको.

आता मुलाच्या आवडीबद्दल. त्याला नाराज करू नका, त्याची बरीचशी स्वप्नं या बाथरूममध्ये बसतील. पण रेन शॉवरचं गणित त्याला स्वतः करायला सांगा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, आणि मोठ्या रेन शॉवरला चांगलं पडायला तेवढा तरी दाब लागतो. तुमच्या वर एकच मजला आणि मग गच्चीवरची टाकी. शॉवरपासून टाकीपर्यंत पाच-साडेपाच मीटर भरतील, म्हणजे जेमतेम अर्धा बार. एवढ्या दाबात मोठ्या तबकडीतून पावसाची सर पडत नाही, मधल्या चार भोकांतून धारा लागतात. आत्ताच्या शॉवरखाली दहा लिटरची बादली ठेवून किती वेळात भरते ते त्याने मोजावं. एक मिनिटाहून बराच जास्त वेळ लागला तर रेन शॉवरचा विचार सोडा. प्रेशर पंप हा उपाय आहे, पण सोसायटीच्या सामाईक लाइनवर पंप लावला तर शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं, तेव्हा परवानगीशिवाय नाही.

त्याऐवजी उभ्या दांडीवर खाली-वर सरकणारा हँड शॉवर घ्या. मुलगा तो वर लावून उभ्याने अंघोळ करेल, आई खाली घेऊन बसून करतील. ती सरकदांडी आधाराची दांडी म्हणून मिळते तीच मागा, कारण धरली तर जाणारच आहे. आईंसाठी रबरी बुडाचं, पाठ असलेलं स्टूल. आणि माझी एक लाडकी गोष्ट : बादलीसाठी कट्टा. कोपऱ्यात १६ इंच उंचीचा, ग्रॅनाइट घातलेला. आपण अजून बादली-तांब्याने अंघोळ करणारी माणसं आहोत आणि त्यात कमीपणा काही नाही. दहा मिनिटांच्या शॉवरला सहज ८०-१०० लिटर पाणी जातं, बादलीत २० लिटरमध्ये भागतं. फक्त जमिनीवरच्या बादलीत वाकून तांब्या बुडवणं म्हाताऱ्या कमरेला आणि तोलाला जड जातं. कट्ट्यावर बादली ठेवली आणि नळ त्याच्या वर घेतला की वाकणं संपलं, आणि २० किलो वजन उचलणंही.

काळ्या टाइल्स मात्र नकोच म्हणेन. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल, तर त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काळ्यावर आणि काचेवर सगळ्यात जास्त उठून दिसतात. आठवडाभरात काळी भिंत राखाडी दिसायला लागते. मग कोणीतरी ॲसिड आणतं, त्याने दर्जांमधलं सिमेंट खाल्लं जातं, आणि आपण पुन्हा गळतीवर येतो. (ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.) जमिनीला ठिपक्यांची, मोझॅइकसारखी दिसणारी टाइल घ्या. तुमच्या इमारतीतल्या जुन्या मोझॅइक फरशा आता पुन्हा फॅशनमध्ये आल्या आहेत, मुलालाही आवडेल. डाग त्यात लपतात. मॅट आणि न घसरणारी, दुकानात आर १० किंवा आर ११ विचारा. आर ९ पासून आर १३ पर्यंत ही मापं असतात, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. दुकानात टाइलवर थोडं पाणी ओतून अनवाणी पायाने स्वतः घासून बघा. आणि जमिनीला फूट बाय फूटपेक्षा मोठी टाइल नको. मोठ्या टाइलला ढाळ देता येत नाही, आणि छोट्या टाइलच्या दर्जा पायाला पकड देतात. भिंतीला हवी तर मोठी घ्या, हलक्या रंगाची.

एक गोष्ट डिझाइनच्या फोटोंत कधी दिसत नाही. मोतीबिंदूचे डोळे पांढऱ्या टाइलवरचा पांढरा कमोड नीट ओळखत नाहीत, किती खाली बसायचं त्याचा अंदाज चुकतो. कमोडच्या मागची भिंत गडद करा. तिथे मुलाचा काळा रंग खुशाल वापरा, कारण तिथे पाणी उडत नाही. दांड्याही भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाच्या.

काचेचं पार्टिशन चार फुटी बाथरूममध्ये अडचण करतं आणि आईंना मदत करायला कोणी आत आलं तर दोघांना उभं राहायला जागा उरत नाही. त्याऐवजी ढाळ नीट घ्या. कोकणातल्या जुन्या घरांत न्हाणीचं पाणी मागच्या अळवाच्या नाहीतर केळीच्या वाफ्याकडे आपोआप वाहत जायचं. इतका सरळ उतार की कोणाला ते लोटावं लागायचं नाही. आजही देशभरातले प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्याचं नाव आपल्या त्याच न्हाणीचं आहे. तुमच्या चार फुटांत ट्रॅपकडे अर्धा ते पाऊण इंच उतार हवा. टाइल लागल्यावर बादलीभर पाणी ओता, बाजूला उभ्या राहा, आणि पाच मिनिटांनी कुठे डबकं राहिलं का बघा. राहिलं तर तेवढा भाग लगेच काढून पुन्हा लावायला सांगा, कारण नंतर कोणी हात लावत नाही. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साठून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. गावाला जाऊन आल्यावर वास आला तर घाबरू नका, ते पाणी वाळलेलं असतं, तांब्याभर ओतलं की झालं.

मुलाला जो 'निश' हवा आहे तो आपला कोनाडाच. साबण-शॅम्पूसाठी जरूर करा, पण मधल्या चार इंची भिंतीत खोदून नाही. टाइल लावताना बाहेरच्या जाड भिंतीत, तळाला किंचित बाहेर उतार देऊन, आणि आतूनही वॉटरप्रूफिंगचा हात फिरवून. उंची आईंच्या बसलेल्या हाताची ठेवा, उभ्यांना एवढं वाकायला काही होत नाही.

वीज. गीझर, एक्झॉस्ट, दिवे या सगळ्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून यंत्राने तपासून घ्या, तोंडी नको. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या आत कधीच बसवू नका. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध होतो. एक्झॉस्ट पंखा डक्टच्या खिडकीत लावा आणि अंघोळीनंतरही पंधरा मिनिटं चालू राहू द्या. संडासात जमिनीलगत हालचालीने लागणारा छोटा दिवा लावा, आईंना रात्री बटण शोधावं लागणार नाही. जेट स्प्रेचा खालचा अँगल कॉक, म्हणजे त्याचं पाणी बंद करायचा छोटा नळ, रात्री आणि गावाला जाताना बंद करायची सवय लावा. त्याच्या नळीवर सतत दाब राहतो आणि ती फुटली तर सगळ्या घरात पाणी होतं.

सोसायटीला लेखी कळवून परवानगी घ्या. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममधून होणारी गळती दुरुस्त करणं ही उपविधींनुसार सदनिकाधारकाचीच जबाबदारी असते. तेव्हा काकूंशी वाद वाढण्याआधी स्वतः जाऊन सांगा की दिवाळीनंतर आम्ही मुळापासून काम काढतो आहोत. तोपर्यंत बाथरूमच्या दर्जा आणि पाइपांभोवतीच्या फटी तात्पुरत्या भरून घ्या, म्हणजे हा पावसाळा त्यांचा बरा जाईल.

कंत्राटदाराला नवं कोटेशन मागा आणि मला त्याची प्रत पाठवा, मी ओळीओळीने बघून कळवते. पण त्याआधी उद्या सकाळी खडू घेऊन संडासाच्या दाराशी उभ्या राहा. आई आत जातील, बसतील, उठतील. दोन्ही भिंतींवर खुणा करा आणि त्यांची उंची मोजून त्याच कोटेशनच्या मागे लिहून ठेवा.